‘रजेवर असतील तर कोण?’ : विभागाची सेफ्टी माझ्याकडे आली ते वर्ष

१८ जानेवारी २०२४, गुरुवार. जेवणाची सुट्टी संपत आली होती. मी डबा विसळून परत येत होते, तेवढ्यात आमच्या एम.एस्सी.च्या लॅबमधून ट्रकचं टायर फुटावं तसा आवाज आला.

विषारी वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखाली वेस्टची अडीच लिटरची काचेची बाटली असायची. तिच्यात वापरलेलं नायट्रिक अ‍ॅसिड होतं. सकाळच्या बॅचमधल्या कुणीतरी भांडी धुतलेलं अ‍ॅसिटोन त्यातच ओतलं आणि अगदी शिस्तीत झाकण घट्ट लावून ठेवलं. नायट्रिक आणि सेंद्रिय द्रावक एकत्र आले की लगेच काही दिसतंच असं नाही. तासभर, कधी त्याहून जास्त वेळ सगळं शांत असतं. मग वायू सुटायला लागतो आणि त्याला बाहेर जायला वाट नसली की बाटली फुटते. हे मी दरवर्षी वर्गात सांगते. बाटलीवर मात्र मार्करने नुसतं ‘वेस्ट’ लिहिलेलं होतं, आणि ते अक्षर माझं होतं.

लॅबमध्ये त्या वेळी कुणी नव्हतं. कॉरिडॉर पुसणाऱ्या मावशी आवाज ऐकून सगळ्यात आधी आत धावल्या, हातात झाडू आणि सुपली, पायात रबरी स्लीपर. काच तळव्यात घुसली आणि फरशीवरचं अ‍ॅसिड पायाला लागलं. मी त्यांना इमर्जन्सी शॉवरखाली उभं केलं, साखळी ओढली. दोन-चार थेंब तांबडं पाणी आलं आणि बंद. वरची टाकी धुताना कधीतरी कुणीतरी व्हॉल्व बंद केला होता, तो परत उघडलाच नव्हता. शेवटी लेडीज टॉयलेटमध्ये नेऊन नळाखाली पाय धरला. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मावशी सारख्या म्हणत होत्या, “बास झालं मॅडम, फरशी ओली होतीय.”

दोन टाके पडले. नायट्रिकचा पिवळा डाग पुढे तीन आठवडे पायावर होता. यापेक्षा जास्त काही झालं नाही, हे नशीब.

मी पुण्यातल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून इतर कॉलेजांतल्या निदान चार जणांना तरी ‘हे आमचंच’ असं वाटेल. कुणाच्या गळ्यात हे काम पडलं असेल तर कुठून सुरुवात करायची, कुठे फाईल अडते, किती दिवस आणि पैसे लागतात एवढं कळावं म्हणून हे लिहिते आहे.

त्या संध्याकाळी पहिला प्रश्न आला तो रिपोर्ट कुणी लिहायचा याचा. आमच्याकडे अपघाताचा फॉर्मच नव्हता. ऑफिसने सांगितलं, मावशी कंत्राटदाराच्या, त्यांच्या सुपरवायझरला सांगा. सुपरवायझर म्हणाला, लॅब तुमची, बाटली तुमची. दोघांचंही म्हणणं पहिल्यांदा ऐकलं की पटतं. प्रत्यक्षात माणूस कंत्राटदाराचा असला तरी मूळ मालक म्हणून संस्थेची जबाबदारी संपत नाही. तेव्हाच्या कर्मचारी भरपाई अधिनियम १९२३ मध्ये आणि ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) कायद्यातही ते स्पष्ट होतं. २०२४ मध्ये महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या माणसाला ईएसआयचं संरक्षण होतं, आणि कामावर झालेल्या दुखापतीसाठी आधी अमुक दिवस नोकरी झालेली असावी अशी अट नव्हती. मावशींचं कार्ड होतं, पण घरी, ट्रंकेत. पहिली सूचना इथेच लिहून टाकते: कंत्राटी माणसांच्या ईएसआय कार्डाचा फोटो त्यांच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये आजच काढून ठेवायला सांगा. आम्ही ते शोधेपर्यंत टाक्यांचे १,८०० रुपये माझ्या पाकिटातून गेले होते. ते परत मिळायला साडेतीन महिने लागले.

मग ५ फेब्रुवारीला मला पत्र मिळालं. “आपले मूळ कामकाज सांभाळून विभागीय सुरक्षा समन्वयक म्हणून दोन वर्षांसाठी नियुक्ती करण्यात येत आहे.” खाली सही, जावक क्रमांक, प्रती चार ठिकाणी. करायचं काय, अधिकार कोणते, पैसे कुठून, याबद्दल एक ओळ नाही.

पुढच्या आठवडाभरात माझ्या टेबलावर दोन पत्रं आली. एक सायकल चोरीचं, दुसरं गेटवर गाड्यांना स्टिकर लावण्याचं. आपल्या भाषेत ‘सुरक्षा’ म्हटलं की वॉचमन डोळ्यांसमोर येतो. विद्यापीठातले ‘सुरक्षा अधिकारी’ म्हणजे बहुतेक ठिकाणी सैन्यातून निवृत्त झालेले आणि रखवालदारांची ड्युटी लावणारे साहेब. मी विनंती करून पत्रातला शब्द ‘सुरक्षितता’ असा करून घेतला. त्यालाही अकरा दिवस लागले. हसू येईल, पण करून घ्या. पुढे त्या दोन अक्षरांनी बरीच पत्रं वाचवली.

कायदा काय म्हणतो ते शोधायला बसले. तेव्हाच्या कारखाने अधिनियम १९४८ प्रमाणे हजार किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला सेफ्टी ऑफिसर नेमावाच लागायचा आणि त्याला ठरावीक शिक्षण लागायचं. आमच्या कॅम्पसवर रोज हजारांहून कितीतरी जास्त माणसं असतात, पण आम्ही कारखाना नाही. म्हणून आमच्याकडे सेफ्टी बघायला ऑरगॅनिक शिकवणारी बाई चालते. पण बाकीचे नियम दाराशी थांबत नाहीत. आगीसाठी महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यात परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. घातक कचऱ्यासाठी २०१६ चे नियम, सिलिंडरसाठी २०१६ चेच वेगळे नियम, एक्स-रे मशीन असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळ. प्रत्येकाची फाईल वेगळ्या विभागात. सगळ्या फाईली एका माणसाने एकत्र बघितल्यात असं आमच्याकडे कधी झालंच नव्हतं.

विभागाच्या मीटिंगमध्ये मी दोन घटना सांगितल्या. २०१८ च्या डिसेंबरात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्फोटात एक संशोधक गेला. आणि २०१० साली दिल्ली विद्यापीठाने वर्षानुवर्षं न वापरलेलं किरणोत्सारी कोबाल्ट-६० चं उपकरण भंगारात लिलावाने विकलं, ते मायापुरीच्या भंगार बाजारात फोडलं गेलं आणि एका माणसाचा जीव गेला. दुसरी गोष्ट ऐकल्यावर आमच्या एका ज्येष्ठ सरांनी हळूच विचारलं, “आपल्या डेड स्टॉकमध्ये, म्हणजे रजिस्टरला नोंद असलेल्या जुन्या सामानात, काय काय आहे?” मला वाटतं आमचं काम खरं तिथे सुरू झालं.

पहिली फेरी मारली ती लॅबच्या काकांना घेऊन. काका प्रयोगशाळा परिचर, तीस वर्षं याच इमारतीत. रजिस्टरपेक्षा काकांना जास्त माहीत. कोणता स्विच कुठल्या खोलीचा, गॅसचा मेन कॉक कुठल्या कपाटामागे, पावसात कुठली भिंत झिरपते. होज रीलचा, म्हणजे आग विझवायच्या पाइपचा, डबा कपाटामागे गेला होता. अग्निशामकांपैकी पावडरवाल्यांवर काटा असतो, तो हिरव्यात आहे का ते बघता येतं. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यावर काटाच नसतो, त्याचं वजन करावं लागतं. ते कुणी कधी केलं नव्हतं. फ्रिजमध्ये ईथरच्या बाटलीशेजारी ताकाचा तांब्या आणि चहाचं दूध. साधा घरगुती फ्रिज, म्हणजे आत थर्मोस्टॅटची ठिणगी आणि ईथरची वाफ एकाच खोक्यात. ताक माझं नव्हतं, पण त्या दुधाचा चहा मीही प्यायले होते.

मग रसायनांची मोजदाद केली. दोन पीएच.डी.चे विद्यार्थी, काका आणि मी, दोन आठवडे रोज तीन ते सहा. एकूण ६११ बाटल्या निघाल्या. त्यातल्या १४३ वर लेबल नाही, किंवा लेबल आहे पण अक्षर नाही. बाकीच्या कपाटात अगदी नीट, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. दिसायला सुंदर रचना. पण त्या क्रमाने अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच्या शेजारी अमोनियम नायट्रेट येतं आणि नायट्रिक अ‍ॅसिडच्या शेजारी नायट्रोबेन्झीन. म्हणजे जे एकमेकांपासून लांब हवेत ते खांद्याला खांदा लावून. ती रचना २०११ साली नवीन लागले तेव्हा मीच केली होती आणि तेव्हा माझं कौतुकही झालं होतं. आता आम्ही प्रकृतीनुसार लावतो: आम्ल वेगळी, अल्कली वेगळे, पेट घेणारे वेगळे, आग भडकवणारे ऑक्सिडायझर वेगळे. पातळ पदार्थ खाली, ट्रेमध्ये, आणि काहीही डोळ्यांच्या उंचीच्या वर नाही.

चौथ्या दिवशी खालच्या फळीवर मागे एक तपकिरी काचेची लहान बाटली दिसली. काकांनी हात घातला होता. मी नुसतं “थांबा” म्हटलं, तर आवाज इतका चढला की विद्यार्थी दचकला. पिक्रिक अ‍ॅसिड. एके काळी नॅफ्थॅलीनचे पिक्रेट बनवायला प्रॅक्टिकलला सर्रास वापरायचे. ते पाण्यात भिजलेलं असेल तोवर ठीक असतं. वाळलं की स्फोटक. ही बाटली किती वर्षांची ते सांगता येत नव्हतं, पण झाकणाच्या कडेला पिवळे, चकचकीत, साखरेसारखे कण दिसत होते. धोका तिथेच असतो: झाकण फिरवलं की आट्यांमधले कण घासले जातात. आम्ही तिला हात लावला नाही. टॉर्च मारून लांबूनच फोटो काढला, कपाटाला कुलूप घातलं, खोलीला कुलूप घातलं, दारावर कागद लावला आणि मी कुलसचिवांच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाला पत्र गेलं. चार दिवसांनी माणसं आली आणि ती बाटली वाळूच्या खोक्यात घालून घेऊन गेली. त्या चार रात्री मला नीट झोप लागली नाही. अशी बाटली सापडली तर उघडून बघू नका, हलवू नका, ‘जरा पाणी घालू’ असं तर अजिबात नको. ती वस्तू आपल्या हाताची नाही.

उरलेलं नको असलेलं सामान साधारण पावणेचारशे किलो होतं. आता हे द्यायचं कुणाला? पुण्यातला असा कचरा रांजणगावच्या सामाईक प्रक्रिया केंद्राकडे जातो, नगर रोडने गेलं तर पन्नासेक किलोमीटर. पण तिथे गाडी पाठवण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं, त्याचा अर्ज ‘फॉर्म १’. इमारती बघणाऱ्या स्थावर विभागात चौकशी केली तर संस्थेकडे एक प्राधिकारपत्र आधीच होतं. त्यात एकच नोंद: जनरेटरचं वापरलेलं ऑइल. एवढ्या विभागांच्या लॅब, आणि कागदावर आमचा घातक कचरा म्हणजे फक्त जनरेटरचं तेल! आमच्याआधी कुणी विचारलंच नव्हतं. मग सुधारित अर्ज करायचं ठरलं.

अर्जावर सही हवी ती ‘ऑक्युपायर’ची. नियमांत त्याचा अर्थ दिला आहे: त्या जागेच्या कारभारावर ज्याचा ताबा आहे तो, आणि कचऱ्याच्या बाबतीत ज्याच्या ताब्यात तो कचरा आहे तो. कारखान्यात हे सोपं आहे. विद्यापीठात कारभारावर ताबा कुणाचा? मी ११ मार्चला टिपणी लिहिली, “अवलोकनार्थ व आदेशार्थ सविनय सादर”, आणि ती फिरायला लागली. विभागप्रमुख म्हणाले, इमारत स्थावरची. स्थावरचं म्हणणं, रसायनं विभागाची, डेड स्टॉक रजिस्टरला तुमच्याच नोंदी आहेत. भांडार विभागाने वेगळाच मुद्दा काढला, वस्तू टाकायची तर आधी निर्लेखन समितीची, म्हणजे वस्तू रजिस्टरमधून कमी करणाऱ्या समितीची, मंजुरी पाहिजे, आणि निर्लेखित माल लिलावाने विकायचा असतो. मला मायापुरी आठवली. मी तोच परिच्छेद टिपणीला जोडला. लेखा विभागाने विचारलं की कचरा देण्यासाठी आपण पैसे का द्यायचे, उलट मिळायला नकोत का.

टिपणीवर सहा टेबलांचे शेरे झाले. त्यातला एकही शेरा चुकीचा नव्हता. प्रत्येकाने आपापल्या कक्षेपुरतं बरोबर लिहिलं होतं, आणि त्या सहा बरोबर शेऱ्यांच्या मधोमध पावणेचारशे किलो रसायनं तशीच बसून होती. शेवटी कुलसचिवांनी फाईल मागवून घेतली, दोन मिनिटं वाचली आणि विचारलं, “उद्या इथे आग लागली तर पोलीस कुणाला बोलावतील?” कुणी बोललं नाही. “मलाच ना? मग द्या इकडे.” सही झाली. हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं आहे. तुमची फाईल फिरत असेल तर तोच प्रश्न टिपणीत पहिल्या ओळीत लिहा. आणि टिपणी एका पानाची ठेवा, एकच निर्णय मागा, सोबत दोन फोटो जोडा. माझी पहिली टिपणी चार पानांची होती. ती कुणी पूर्ण वाचली असेल असं वाटत नाही.

सही झाली आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. खरेदी थांबली. निम्मे कर्मचारी निवडणुकीच्या ट्रेनिंगला, पुण्याचं मतदान १३ मेला. जूनपर्यंत काहीच हललं नाही. मला राग आला होता, पण आता वाटतं ते बरंच झालं, कारण त्या अडीच महिन्यांत जे काम केलं त्याला पैसे लागत नव्हते.

ते काम म्हणजे जबाबदारीचा तक्ता. आधी मी तो आपण सगळे करतो तसा केला: कुलगुरू धोरण ठरवतील, विभागप्रमुख अंमल करतील, मार्गदर्शक विद्यार्थ्यांना शिकवतील, विद्यार्थी नियम पाळतील. वाचायला छान, उपयोग शून्य. काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाले, “यात शॉवरचं कुठंय?” मग मी उलट बाजूने सुरुवात केली. माणसांऐवजी वस्तू लिहिल्या. शॉवर. आयवॉश, म्हणजे डोळे धुवायचा फवारा. प्रत्येक फ्यूम हूड. हायड्रोजनचा लाल सिलिंडर आणि त्याची साखळी. सॉल्व्हंटचं कपाट. प्रथमोपचार पेटी. मागच्या जिन्याचं दार. रात्रीची किल्ली. प्रत्येकीपुढे एका माणसाचं नाव, काय करायचं आणि किती दिवसांनी. अशा ४७ ओळी झाल्या. आणि सगळ्यात शेवटी एक रकाना: ‘रजेवर असतील तर’.

त्या रकान्याने सगळ्यात जास्त वाद झाले. नाव द्यायला लोक तयार होते, दुसऱ्याच्या गैरहजेरीत आपलं नाव द्यायला नव्हते. एका सरांनी तर “मी रजा घेतच नाही” असं उत्तर दिलं. मार्च-एप्रिलमध्ये हेच सर उत्तरपत्रिका तपासायला तीन आठवडे बाहेर होते.

दुसरा वाद काम थांबवण्याच्या अधिकारावरून झाला. मी लिहिलं होतं की धोका दिसला तर परिचरसुद्धा प्रयोग थांबवायला सांगू शकेल. ‘परिचरसुद्धा’ हा शब्द काहींना झोंबला. परिचराने प्रोफेसरला थांबवायचं? मी म्हटलं, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात २००८ च्या डिसेंबरात हवेत आपोआप पेटणारं रसायन हाताळताना तेवीस वर्षांची मुलगी भाजली आणि अठरा दिवसांनी गेली. अंगात लॅब कोट नव्हता, सिंथेटिक स्वेटर होता. पुढे खटला प्राध्यापकावर झाला. त्या दिवशी कुणी शिपायाने “मॅडम, कोट घाला” म्हटलं असतं तर? यावर बराच वेळ शांतता होती. वाक्य राहिलं, फक्त ‘थांबवू शकेल’ चं ‘थांबवण्याची विनंती करू शकेल’ झालं. एवढ्यावर मी तडजोड केली. बरोबर केलं का, अजून ठरवता आलेलं नाही.

रात्री एकट्याने रिअ‍ॅक्शन लावायची नाही, या नियमाला विद्यार्थ्यांचा विरोध होता आणि तो खरा होता. फेलोशिप संपत आलेली असते, दिवसा उपकरणाला नंबर लागत नाही. म्हणून सरसकट बंदी केली नाही. आठनंतर दोघं असतील तरच रिअ‍ॅक्शन, दारावर नाव आणि चालू प्रयोग लिहायचा, आणि रखवालदार दादा नऊ आणि अकराला दार वाजवून “आहात ना?” विचारणार. पहिल्या महिन्यात मुलं वैतागली. आता दादांसाठी चहा करून ठेवतात. लॅबबाहेर, हे सांगायला नको.

जूननंतर खरेदी झाली ती भराभर सांगते. शॉवरचा व्हॉल्व प्लंबरने उघडला, खर्च शून्य. नवीन आयवॉश बसवायला नळकामासह २१,५०० रुपये. अग्निशामकांचं रिफिलिंग नगाला साधारण ९०० रुपये. कार्बन डायऑक्साइडचे दोन नवीन घेतले. सिलिंडरच्या साखळ्या बोहरी आळीतून स्वतः आणल्या, सहा साखळ्या आणि हुक मिळून १,१४० रुपये, कारण तेवढ्यासाठी तीन कोटेशनं मागवायची म्हटलं असतं तर दिवाळी आली असती. सांडलेलं अ‍ॅसिड आवरायला दोन बादल्या: एकीत कोरडी वाळू, दुसरीत खायचा सोडा. अंगावर अ‍ॅसिड पडलं तर मात्र सोडा लावायचा नाही, फक्त पाणी. मावशींसाठी बंद बूट, जोडीला ४५० रुपये. हा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा यावर तीन आठवडे गेले, शेवटी ‘प्रयोगशाळा साहित्य’ मध्ये गेला.

२५ जुलैला पुण्यात जो पाऊस झाला, सिंहगड रोडची एकतानगरी पाण्यात गेली तो दिवस, त्या दिवशी आमच्या तळमजल्याच्या स्टोअरमध्ये पण वीतभर पाणी आलं. पाणी लागलं की पेटणाऱ्या सोडियमचे डबे आधी खालच्या फळीवर होते. मे महिन्यात सामान लावताना काका म्हणाले होते, “खाली नको मॅडम, ह्या भिंतीतून पाणी येतं.” मी फक्त ‘बरं’ म्हटलं होतं आणि डबे वर ठेवले होते. त्या संध्याकाळी मी घरून फोन करून आधी तेच विचारलं.

सुधारित प्राधिकारपत्र यायला गणपती उजाडले. मग रांजणगावच्या केंद्राचं सभासदत्व, नमुन्यांची तपासणी, दर. मग विधानसभेची आचारसंहिता. गाडी आली ती ९ जानेवारी २०२५ ला. आधीचे चार दिवस आम्ही फक्त डबे भरत आणि लेबलं लावत होतो. हॅलोजन असलेले द्रावक वेगळे, नसलेले वेगळे, आम्ल वेगळं. वजन ३७२ किलो भरलं. वाहतुकीसह सगळा खर्च ६४,००० रुपयांच्या आसपास. वाहतुकीचे पैसे थोड्या मालाला आणि जास्त मालाला जवळजवळ सारखेच पडले, त्यामुळे शेजारच्या विभागांना आधी विचारा आणि एकच गाडी करा. आम्ही विचारलं नाही, नंतर वनस्पतीशास्त्रवाले रुसले.

गाडीबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे मालासोबतचं नोंदपत्र, ‘फॉर्म १०’ जातो, सात रंगांच्या सात प्रती. पांढरी आपण मंडळाला पाठवायची, पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन आपल्याकडे. माल पोचल्यावर निळी प्रत केंद्राकडून आपल्याला परत येते. निळी आली की समजायचं, सुटलो. आमची ३० तारखेला आली. आवकमधल्या ताईंनी ती चुकून परीक्षा विभागाच्या टपालात टाकली होती. आता पुढचं लक्षात ठेवायचं: असा कचरा नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, आणि वर्षाचा हिशेब ‘फॉर्म ४’ मध्ये ३० जूनच्या आत.

४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. २०२४ ला आम्ही त्या दिवशी शपथ घेतली होती आणि समोसे खाल्ले होते. २०२५ ला मॉक ड्रिल ठरवलं. घंटा झाली, पोरं मागच्या जिन्याने उतरली आणि खाली येऊन थांबली. जिन्याच्या कोलॅप्सिबल दाराला साखळी आणि कुलूप. सगळे परत वर, पुढच्या जिन्याने बाहेर. इमारत रिकामी व्हायला अकरा मिनिटं लागली. सुरक्षा अधिकारी साहेब तिथेच होते.

“मॅडम, कुलूप काढलं तर सायकली जातील. गेल्या वर्षी पाच गेल्यात.”

“आणि नाही काढलं तर, साहेब?”

त्यांनी जिन्याकडे बघितलं. वर अजून शेवटची काही मुलं अडकल्यासारखी उभी होती. “मला लेखी द्या,” म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी लेखी दिलं. त्यांनी त्याच संध्याकाळी कुलूप काढून तिथे माणूस बसवला. आतून ढकललं की उघडणारं, बाहेरून न उघडणारं दार मंजूर झालं आहे, १४,००० चं कोटेशन आहे, अजून बसलेलं नाही. सायकल एकही गेलेली नाही, निदान आजपर्यंत.

माझी मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतची. पुढे कोण, विचारलं की सगळे मोबाईल बघायला लागतात. मी फाईलच्या पहिल्या पानावर सगळ्या तारखा आणि फोन नंबर लिहून ठेवायला घेतले आहेत.

आयवॉश दर सोमवारी सकाळी दहाला दोन मिनिटं चालू करून बघायचा आणि भिंतीवरच्या कागदावर सही करायची, हे काम काकांकडे. गेल्या सोमवारी काका भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला होते. मी साडेअकराला लॅबमध्ये गेले, कागद बघितला. ‘रजेवर असतील तर’ च्या रकान्यात जे नाव होतं त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून सही केली होती. शेजारी शेरा लिहिला होता: पाणी चांगलं येतंय, डाव्या बाजूचं थोडं कमी. मी नळ उघडून बघितला. डावीकडचं खरंच कमी होतं. प्लंबरला फोन केला. मावशी कॉरिडॉर पुसत होत्या, पायात बूट होते.